बंद पडलेली फटफटी : दोष कसा शोधावा याचा एक पाठ

विद्यार्थिमित्रहो, आमच्या घरी एक जुनी बुलेट फटफटी आहे. आमच्या वडिलांनी ती घेतली त्यास आता पन्नास वर्षे होत आली. संध्याकाळी तिचा आवाज गल्लीच्या टोकास ऐकू आला की घरात चहाचे आधण ठेवले जाई, इतकी ती घरातील माणसासारखी झाली होती. गेल्या वैशाखात ही फटफटी करंजीच्या घाटात बंद पडली. त्या दिवशी आमच्या हातून जी चूक झाली आणि त्या चुकीतून आम्ही जे शिकलो, ते या लेखात सांगण्याचे योजिले आहे. यंत्र बिघडल्यावर दोष कोणत्या क्रमाने शोधावा, हा आमचा मुख्य विषय होय. परंतु दोष शोधणे आणि दोष देणे या दोन गोष्टींत केवढे अंतर आहे, हेही ओघाने दिसून येईल.

नगर शहरास २०२४ सालापासून अहिल्यानगर हे नाव मिळाले आहे. या गावाचा व यंत्रांचा संबंध जुना आहे. अमेरिकन मराठी मिशनचे येथील कार्य १८३१ साली सुरू झाले, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी त्याच मिशनचे डी. सी. चर्चिल नावाचे यंत्रविद्या जाणणारे मिशनरी येथे राहून हातमागाच्या सुधारणेसाठी झटले. पुढे लुना ही छोटी गाडी बनविणाऱ्या कायनेटिक कंपनीचा कारखाना येथेच उभा राहिला. ती गाडी १९७२ साली रस्त्यावर आली. रणगाड्यांवरील सैनिकांस शिक्षण देणारे केंद्र व वाहनांचे संशोधन करणारी सरकारी संस्था याही येथेच आहेत. १९९४ साली उघडलेले रणगाडा संग्रहालय तर तुमच्यापैकी पुष्कळांनी सहलीत पाहिले असेल. अशा गावच्या मुलामुलींस इंजिनाचे सामान्य ज्ञान असावे, ही अपेक्षा फाजील म्हणता यावयाची नाही.

प्रथम इंजिन कसे चालते ते थोडक्यात पाहू. बुलेट ही मूळची इंग्लंडातील रॉयल एन्फील्ड कंपनीची गाडी. १९५५ साली तिच्यासाठी मद्रास येथे कंपनी निघाली व नंतर ती आपल्याकडेच तयार होऊ लागली. तिच्या नळकांड्याचा व्यास ७० मिलिमीटर, आणि त्यात दट्ट्या वरखाली जातो ती धाव ९० मिलिमीटर. ज्यांना वर्तुळाचे क्षेत्रफळ काढता येते त्यांनी गुणाकार करून पाहावा. उत्तर सुमारे ३४६ घन सेंटिमीटर येईल, आणि हाच आकडा तिच्या कागदपत्रांत सापडतो.

या नळकांड्यात चार क्रिया एकामागून एक होतात. दट्ट्या खाली जाताना हवा व पेट्रोल यांचे मिश्रण आत ओढले जाते. तो वर येताना ते मिश्रण दाबले जाते. दट्ट्या अगदी माथ्यावर पोचण्यापूर्वी किंचित आधी प्लगमध्ये ठिणगी पडते, मिश्रण पेटते व तापलेले वायू दट्ट्यास खाली लोटतात. शेवटी दट्ट्या पुन्हा वर येतो व जळालेला धूर बाहेर टाकतो. जर्मनीतील निकोलाउस ओटो यांनी १८७६ साली अशा चार क्रियांचे इंजिन चालवून दाखविले, आणि आमच्या फटफटीत आजही तेच चालले आहे. इंजिनाचे मिनिटास ३००० फेरे होत असतील, तर दर दोन फेऱ्यांस एक याप्रमाणे सेकंदास २५ ठिणग्या पडाव्या लागतात.

यावरून असे दिसेल की इंजिन चालण्यास तीन गोष्टी हव्यात : योग्य प्रमाणात पेट्रोल व हवा, पुरेसा दाब, आणि वेळेवर पडणारी जोमदार ठिणगी. पेट्रोलवर चालणारे इंजिन बंद पडले आणि त्यात काही मोडले किंवा अडकले नसेल, तर या तिहींपैकी एक तरी कोठे तरी कमी पडली असली पाहिजे. मिस्त्री लोक यालाच ‘पेट्रोल, दम आणि करंट’ असे म्हणतात. हे तीन शब्द ध्यानात ठेवावेत, कारण पुढील सर्व हकीकत त्यांच्याभोवती फिरते.

आता त्या दिवशीची गोष्ट. पाथर्डी हे गाव नगरच्या पूर्वेस सुमारे ५० किलोमीटरवर आहे. तेथील एक लग्न आटोपून आम्ही दुपारी परत निघालो. मागे आमचा नववीत शिकणारा पुतण्या बसला होता. निघताना पेट्रोलची टाकी तुडुंब भरून घेतली. करंजीच्या घाटात एका चढावर इंजिनाने दोन-तीन आचके दिले व ते बंद पडले. पुष्कळ किका मारल्या, पण व्यर्थ. दिव्यावरील विद्युत्प्रवाहाच्या मापकाचा काटा मात्र प्रत्येक किकेबरोबर नीट डावीकडे जाऊन परत येत होता. हा काटा म्हणजे ठिणगी पाडणारे पॉइंट उघडझाप करीत असल्याची खूण होय. ती आमच्या डोळ्यांसमोर होती, परंतु रागावलेल्या माणसास डोळ्यांसमोरचे दिसत नाही.

रस्त्याकडेला शेळ्या राखीत बसलेले एक वृद्ध गृहस्थ म्हणाले, “मास्तर, विंजान तापलंय. सावलीला घ्या जरा.” त्यांचे ऐकून गाडी लिंबाखाली लावली. अर्ध्या तासाने पाहतो तो पहिल्याच किकेस इंजिन सुरू झाले! तेव्हा आमच्या मनाने निकाल देऊन टाकला. तापल्यावर बंद पडते व निवाल्यावर चालू होते, हे कॉइल किंवा कंडेन्सर नासल्याचे प्रसिद्ध लक्षण आहे. उष्णतेने कॉइलच्या बारीक तारेत खंड पडतो किंवा कंडेन्सरच्या आतील आवरण विजेस अडवू शकत नाही, आणि थंड झाल्यावर दोन्ही पुन्हा काम देऊ लागतात. शिवाय आदल्याच दिवशी गावातील एका तरुण मिस्त्रीने गाडीचे पॉइंट नवे बसवून दिले होते. काल त्याने हात लावला आणि आज गाडी बंद पडली, मग दोष दुसऱ्या कोणाचा असणार? आम्ही तेथूनच त्यास दूरध्वनी केला.

हा तरुण एकेकाळी आमच्याच वर्गात बसत असे. त्यास आम्ही जे बोललो ते लिहिताना आज संकोच वाटतो. “कामात लक्ष नसेल तर पैसे कशाला घेतोस? तुझ्या मालकांना मी हे कळविल्यावाचून राहणार नाही,” असे आम्ही पुतण्यादेखत म्हणालो. पलीकडे क्षणभर शांतता होती. मग तो म्हणाला, “सर, माझी चूक असेल तर मी टेम्पो घेऊन येतो, पैसे घेणार नाही. पण तुम्ही एकदा ठिणगी बघा. गाडी बंद पडली की लगेच बघायची. गार झाल्यावर बघून काही कळत नाही.”

विद्यार्थिमित्रहो, या दोन वाक्यांत सगळे शास्त्र आहे. जो दोष येतो व जातो, तो हजर असतानाच त्याची परीक्षा केली पाहिजे. गाडी सुरू झाल्यावर ठिणगी पाहिली तर ती चांगलीच दिसणार. त्यावरून ती बंद पडली तेव्हा ठिणगी होती की नव्हती, हे कसे समजावे? आम्ही वर्गात वर्षानुवर्षे निरीक्षण व अनुमान यांवर बोलत आलो, आणि आमचा विद्यार्थी रस्त्यावर उभ्या असलेल्या आम्हांस तेच शिकवीत होता. तथापि त्या वेळी आम्ही काहीशा घुश्शातच ‘बरे’ म्हणून संभाषण संपविले.

घाट ओलांडून आम्ही पुढे आलो. डोंगरावरील सलाबतखानाची कबर, जिला सर्व लोक चांदबिबीचा महाल म्हणतात, ती दिसू लागली आणि सपाट रस्त्यावर गाडी पुन्हा तशीच आचके देऊन थांबली. या वेळी मात्र आम्ही वाट पाहिली नाही. ताबडतोब तीन परीक्षा घेतल्या, त्या येणेप्रमाणे.

पहिली परीक्षा दमाची. किल्ली बंद करून किक पायाने सावकाश दाबली. एका ठिकाणी पायास चांगला विरोध जाणवला. झडप उघडी राहिली असती किंवा दट्ट्यावरील कड्या झिजल्या असत्या, तर किक पोकळ लागली असती. दाब ठीक होता.

दुसरी परीक्षा ठिणगीची. पान्याने प्लग काढला व प्रथम त्याचे टोक निरखले. ते अगदी कोरडे होते. नंतर प्लगला त्याची टोपी लावून तो इंजिनाच्या धातूस टेकवून ठेवला. प्लगच्या भोकातून पेट्रोलमिश्रित वाफ बाहेर येते म्हणून तो त्या भोकापासून पुष्कळ दूर ठेविला. किल्ली चालू केली, पुतण्याने हाताने किक दाबली आणि चट्‌ असा आवाज होऊन निळी, ठसठशीत ठिणगी पडली. पुन्हा पाहिली, पुन्हा तशीच. इंजिन तापलेले होते, बंद पडून दोन-तीन मिनिटेही झाली नव्हती, आणि ठिणगी उत्तम होती. कॉइल निर्दोष, कंडेन्सर निर्दोष, काल बसविलेले पॉइंटही निर्दोष. ज्या मुलावर आम्ही ठपका ठेविला होता, त्याची एका ठिणगीने मुक्तता केली.

तिसरी परीक्षा पेट्रोलची. कोरड्या प्लगने याची सूचना आधीच दिली होती. किल्ली बंद केली, टाकीखालचा कॉक बंद करून कार्ब्युरेटरकडे जाणारी नळी काढली, तिचे टोक एका बाटलीत धरले व कॉक उघडला. दोन घोट धार आली, मग ती बारीक झाली आणि नंतर थेंब थेंब पडू लागले. “काका, टाकी तर भरलेली आहे, मग पेट्रोल का येत नाही?” पुतण्याने विचारले. “कॉकमध्ये कचरा अडकला असेल,” असे म्हणून आम्ही कॉक खोलण्यास पाना शोधू लागलो. म्हणजे पुन्हा परीक्षेवाचून निकाल! तेवढ्यात टाकी खरेच भरलेली आहे ना, हे पाहण्यासाठी पुतण्याने वरचे झाकण फिरविले. सूं असा आवाज होऊन हवा आत शिरली, आणि बाटलीत पेट्रोलची जाड धार धो धो पडू लागली.

आम्ही एकमेकांकडे पाहत राहिलो. खात्री करण्यासाठी झाकण पुन्हा घट्ट लावले. थोड्या वेळाने धार मंदावली. झाकण उघडताच ती पूर्ववत् झाली. दोनदा करून पाहिले, दोन्ही वेळा तोच परिणाम. कारण सापडले असे म्हणावयाचे ते अशा वेळी : ते काढले की दोष जातो व पुन्हा घातले की दोष येतो.

यातील पदार्थविज्ञान सोपे आहे. घरी तेलाचा डबा फोडताना आई एकाऐवजी दोन भोके पाडते. एकातून तेल बाहेर येते व दुसऱ्यातून हवा आत जाते. हवेस वाट नसेल तर तेल गुटगुट करीत अडखळते. फटफटीच्या टाकीच्या झाकणातही याच हेतूने एक बारीक वाट ठेविलेली असते. टाकीतून पेट्रोल जितके कमी होते तितकी हवा त्या वाटेने आत येते. ती वाट बुजली की आतील हवा विरळ होत जाते व बाहेरची हवा पेट्रोलास खालून थोपवून धरते.

हा परिणाम किती लवकर होतो याचा हिशेब करू. टाकीतील पेट्रोलची पातळी कार्ब्युरेटरच्या वर सुमारे २० सेंटिमीटर आहे असे धरा. एक घन सेंटिमीटर पेट्रोलचे वजन पाऊण ग्रॅमच्या आसपास असते. म्हणजे हा स्तंभ दर चौरस सेंटिमीटरवर अवघा १५ ग्रॅम दाब देतो. हवेचा दाब समुद्रसपाटीस दर चौरस सेंटिमीटरवर सुमारे १ किलोग्रॅम असतो व सुमारे ६५० मीटर उंचीवरील नगरास त्याहून काहीसा कमी. तेव्हा टाकीतील हवेचा दाब शंभरात दीड-दोन भागांनी उतरला, की पेट्रोल वाहावयाचे थांबलेच. टाकी तुडुंब भरलेली असली म्हणजे आत हवा थोडीच असते व ती चटकन विरळ होते. गाडी थांबवून ठेवली की झाकणाच्या फटीतून हळूहळू हवा झिरपते आणि सर्व काही पूर्ववत् होते. लिंबाच्या सावलीत इंजिन निवाले हे खरे, परंतु त्याच अर्ध्या तासात टाकीत हवाही शिरली होती. दोन भिन्न कारणांनी एकच लक्षण उत्पन्न केले होते, व आम्ही त्यांपैकी आमच्या रागास सोयीचे होते ते पत्करले.

आता प्रश्न राहिला, झाकणाची वाट कोणी बुजविली? याचे उत्तर द्यावयास आम्हांस फार विचार करावा लागला नाही. आठ दिवसांपूर्वी झाकणातून पेट्रोल उडते म्हणून आम्ही स्वतःच जुन्या ट्यूबचे रबर कापून त्याची चकती आत बसविली होती. मूळची चकती कड्यासारखी मध्ये पोकळ होती. आम्ही पुरी वाटोळी कापली व तिने हवेचे छिद्र झाकले गेले. मधल्या आठवड्यात गाडी अर्ध्या टाकीवर गावातल्या गावात फिरली, म्हणून दोष कळला नाही. डोंगरावरील प्रवचनात कुसळ व मुसळ यांचा दृष्टांत आहे, तो तुम्हां सर्वांस ठाऊक आहे. आमचे मुसळ रबराचे होते, एवढेच.

चकती काढून टाकली, झाकण लावले आणि गाडी नगरापर्यंत कोठेही न थांबता आली. घरी न जाता आम्ही प्रथम त्या मिस्त्रीकडे गेलो. पुतण्यादेखत त्यास दोष दिला होता, म्हणून पुतण्यादेखतच त्याची क्षमा मागितली आणि त्याच्या मालकांसमोर त्याचे काम निर्दोष होते हे सांगितले. तो ओशाळून म्हणाला, “राहू द्या हो सर, होतं असं.” मग त्याने ती चकती हातात घेतली, मधोमध गोल कापून कड्यासारखी केली व परत दिली. त्याचे त्याने पैसे घेतले नाहीत. आम्ही मालकांकडे आधी तक्रार केली असती, तर त्याच्या रोजगारावर गदा येणे अशक्य नव्हते. हा विचार पुष्कळ दिवस आमच्या मनातून गेला नाही.

तुमच्या उपयोगासाठी परीक्षेचा सारांश देतो. प्लग कोरडा व ठिणगी चांगली असेल, तर पेट्रोलची वाट तपासावी : झाकणाचे छिद्र, कॉक, नळी, मग कार्ब्युरेटर, अशी वरून खाली. प्लग ओला असून ठिणगी नसेल, तर प्लग, तार, पॉइंट, कंडेन्सर व कॉइल पाहावीत. ठिणगी पिवळट व क्षीण असेल आणि पॉइंट वारंवार जळत असतील, तर कंडेन्सरचा संशय घ्यावा. प्लगवर काळी काजळी धरत असेल, तर बहुधा हवेच्या मानाने पेट्रोल अधिक जात आहे. एक भाग पेट्रोल जळण्यास वजनाने सुमारे १५ भाग हवा लागते, म्हणून हवेची गाळणी कोंदली नाही ना हेही पाहावे. किक पोकळ लागत असेल, तर झडपांकडे वळावे. प्रत्येक वेळी एकच गोष्ट बदलावी व परिणाम पाहून मगच दुसरी बदलावी. चार सुटे भाग एकदम बदलले तर गाडी कदाचित चालेल, पण दोष कोणता होता हे कधीच कळणार नाही, आणि तीन भागांचे पैसे फुकट जातील.

सावधगिरीच्याही दोन गोष्टी सांगणे अवश्य आहे. पेट्रोल उघडे असताना ठिणगीची परीक्षा कदापि करू नये, आणि विस्तव अगर विडी जवळ येऊ देऊ नये. प्लगची टोपी उघड्या हातात धरू नये, कारण कॉइलमधून येणारी वीज हजारो व्होल्टची असते. पेट्रोल तापलेल्या नळीवर सांडू देऊ नये. मुलांनी ही परीक्षा वडील माणूस जवळ असल्याशिवाय करू नये, आणि पालकांनीही मुलांस नुसते दूर न सारता जवळ बसवून दाखवावे, अशी आमची विनंती आहे. त्या दिवशी झाकण उघडले ते आमच्या विद्येने नव्हे, तर एका मुलाच्या साध्या शंकेने.

ती रबराची चकती आम्ही टेबलाच्या खणात जपून ठेविली आहे. कोणाविषयी घाईने मत बनू लागले की ती काढून पाहतो. यंत्रातील दोष शोधण्याची दृष्टी आमच्या विद्यार्थ्यांस लाभो, आणि तो दोष आपलाच निघाला तर तसे सांगण्याचे धैर्यही लाभो, एवढी इच्छा प्रकट करून हा लेख पुरा करतो.